मदत हवी आहे: विम या टेक्स्ट एडिटरमधला मॅक्रो मध्येच थांबतो, आणि शके वर्षांचा इसवी सन कसा करू?

नमस्कार मंडळी,

इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरी आजेसासऱ्यांचा पुस्तकसंग्रह आहे. त्याची जुनी वही सासूबाईंनी अख्खा पावसाळा बसून टाइप केली. एका ओळीत एक पुस्तक: नाव, लेखक, शके, किंमत. आता शकेशेजारी इसवी सन हवा आहे.

क्यू-ए दाबून मॅक्रो, म्हणजे पुन्हा पुन्हा चालवायचा कळांचा क्रम, रेकॉर्ड केला आणि तो ५०० वेळा चालवायला ५००@ए दिलं. तो २१२व्या ओळीवर थांबला. तिथे स्वल्पविरामाऐवजी दंड (।) आहे, वहीतही तसाच. त्याहून वाईट म्हणजे कंट्रोल-ए या आकडा वाढवणाऱ्या कमांडने शकेत ७८ मिळवायला गेले, तर 'शके १८४२' जागचं हललं नाही आणि पुढची किंमत, जी इंग्रजी आकड्यांत होती, २ रुपयांवरून ८० झाली! मूळ फाइल सुखरूप आहे, पण सासूबाईंच्या कष्टावर पाणी पडायला नको. यासाठी ल्युआ ही प्रोग्रामिंग भाषा शिकावी लागेल का?

उत्तर

ताई, ल्युआ निओव्हिमसाठी (विमवरूनच तयार झालेला एडिटर) प्लगिन लिहायचं ठरवाल तेव्हा शिका. इथे विमस्क्रिप्टची, म्हणजे विमच्या स्वतःच्या भाषेची, एक ओळ पुरते.

मॅक्रोतली एक हालचाल फसली की विम उरलेली सगळी आवर्तनं सोडून देतो. म्हणून आकडा न लावता कमांड ओळीत 'टक्का नॉर्मल @ए' द्या (टक्का म्हणजे फाइलच्या सगळ्या ओळी). मग मॅक्रो प्रत्येक ओळीवर नव्याने चालतो. २१२ फसली तरी २१३ होते.

वर्षांसाठी मात्र मॅक्रो नकोच. कंट्रोल-एला फक्त इंग्रजी अंक कळतात, शोधात अंकासाठी वापरतात त्या बॅकस्लॅश-डीलाही तेच. सबस्टिट्यूट ही शोधून बदलायची कमांड वापरा: 'शके'नंतर चौकटी कंसात ०-९ असे चार अंक शोधा आणि उजवीकडे, म्हणजे बदलीच्या मजकुरात, बॅकस्लॅश-बरोबरने सुरुवात करा. त्यापुढे लिहिलेलं गणित विम दर वेळी करतो. सापडलेले अंक सबमॅच फंक्शनने घ्या, टीआर फंक्शनने इंग्रजी करा, ७८ मिळवा, टीआरनेच परत देवनागरी करा. टीआर अक्षरागणिक बदलतं, त्यामुळे देवनागरीत घोटाळा होत नाही.

आणि शक गुढीपाडव्याला बदलतो. जानेवारी ते पाडवा ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर १९२०-२१ असंच लिहा, नुसतं १९२० लिहिलंत तर काही पुस्तकांचं वर्ष चुकेल.

धागाकर्ती

झालं! मनापासून आभार. किमतींना धक्काही नाही. दंडवाल्या आणखी ९ ओळी सापडल्या. त्या संध्याकाळी वही पुढ्यात घेऊन सासूबाईंबरोबर ताडून पाहते.