मदत हवी आहे: बाबांच्या एफडीचा नॉमिनी दादा, पण आईचा अर्धा हिस्सा?

नमस्कार मंडळी, आम्ही दिचोलीचे. बाबा गेले. सेव्हिंग खातं आई-बाबांच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायवर' होतं त्यामुळे ते आईकडे सरळ आलं, त्याचा काही प्रश्न नाही. पण मोठी एफडी बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि पावतीवर नॉमिनी म्हणून दादाचं नाव.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त वारसांच्या वतीने पैसे घेतो, एवढं मला माहीत आहे, आणि आपल्या गोव्यात तर लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मिळकतीत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो, म्हणजे आईचा अर्धा मुळात तिचाच ना? दादा भला माणूस आहे, वाद अजिबात नाही, पण बँकेतले म्हणतात आधी इन्व्हेंटरी (गेलेल्या माणसाची मालमत्ता नोंदवून वारसांत वाटायची कोर्टातली प्रक्रिया) करून आणा. नॉमिनी असताना हे कशाला? रिझर्व्ह बँकेचे नियम तर सांगतात की नॉमिनीला पैसे देताना वारसा दाखला मागू नये. तसं लेखी मागावं का? आणि दादाने रक्कम घेऊन आईच्या खात्यात टाकली तर पुढे बहिणीच्या हिश्श्याचं नोटरीकडे (आपल्याकडे वारसांचा दस्त तिथे होतो) काय करायचं?

दुसरं, 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी टक्केवारीसकट देता येतात. आईच्या एफडीला आम्हा तिन्ही भावंडांची नावं घालायचीयत. ती टक्केवारी वारसाहक्कात धरतात का? आई फार काळजीत आहे, कोणी हल्लीच हे केलं असेल तर प्लीज सांगा.