मदत हवी आहे: विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये एकटीने जपान

मार्चअखेरीस परीक्षा आटोपल्यावर टोकियो, क्योटो आणि हिरोशिमा असा पहिलाच एकटीचा प्रवास करण्याचा माझा विचार आहे. साकुराचा (चेरीच्या बहराचा) हंगाम असल्याने हॉस्टेल लवकरच ठरवीन. खरी अडचण रेल्वेखर्चाची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा जेआर पास (पर्यटकांसाठीचा जपानी रेल्वेचा पास) २९,६५० येनांवरून थेट ५०,००० येनांवर गेल्यामुळे, टोकियो ते हिरोशिमा आणि परत एवढ्यासाठी तो वसूल होत नाही. 'सेइशुन १८' हे साध्या गाड्यांचे काही दिवसांसाठीचे स्वस्त तिकीट शिनकान्सेनला (बुलेट ट्रेनला) चालत नाही आणि २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग दिवशीच वापरावे लागत असल्याने, क्योटोत मुक्काम केल्यास मधले दिवस वाया जातात. त्यामुळे क्योटोपर्यंत रात्रीच्या बसने जाऊन पुढे साध्या गाड्यांनी हिरोशिमा गाठावे, की तिथेही बसच बरी? एकट्या मुलीसाठी रात्रीची बस कशी आहे, हे प्रत्यक्ष प्रवास केलेल्यांनी कृपया सांगावे.

शिवाय मी शाकाहारी आहे आणि साध्या मिसो सूपमध्येही बहुधा दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो, हे ठाऊक आहे. क्योटोच्या मठांतील शोजिन ऱ्योरी (बौद्ध शाकाहारी जेवण) माझ्या खिशाला जड आहे, आणि उमेबोशीच्या ओनिगिरीवर (खारवलेले आंबट फळ घातलेल्या भाताच्या गोळ्यांवर) तरी किती दिवस काढणार! रोज परवडेल असे काही असल्यास अवश्य सुचवावे.