आमिषाचे जिवंत मासे टाकीत तग धरत नाहीत, मदत हवी आहे

गळाला लावायचे छोटे गोड्या पाण्यातले मासे ठेवायला प्लास्टिकच्या पिंपाची टाकी बनवली आहे. गोलच घेतली, कारण चौकोनी टाकीत मासे कोपऱ्यात गर्दी करतात आणि तोंडं घासून घेतात. एअर पंप सतत चालू असतो, नळाचं पाणी क्लोरीन काढूनच भरतो. तरी सकाळी काही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात, पाण्यावर न विरणारा फेस असतो. मला माशांच्या शरीरातून पाण्यात उतरणाऱ्या विषारी अमोनियाचीच शंका येते. स्पंज फिल्टर पुरेल का, की वेगळ्या बादलीत बायोफिल्टर (अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवलेला फिल्टर) करावा? दुपारी पाणी तापतं आणि ऑक्सिजन कमी होतो, म्हणून गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या सोडाव्यात म्हणतो, पण तापमान झटकन उतरलं तर मासे दगावतील का? बिचारे हकनाक मरतात ते बघवत नाही. ज्यांनी अशी टाकी चालवली आहे त्यांनी कृपया सांगा.