झाडावर चढू नका

अस्वल दिसलं की झाडावर चढा, असा सल्ला कुणी दिला तर कृपा करून तो पाळू नका. आपल्याकडचं अस्वल मधाच्या पोळ्यासाठी सहज झाड चढतं.

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडं उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचायला बायाबापड्या वाकलेल्या असतात, आणि त्याच फुलांवर अस्वलही येतं. त्याचं नाक तिखट, नजर मात्र अधू. वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असलं की माणसाची चाहूल लागत नाही. मग दचकतं आणि थेट चेहऱ्यावर झेप घेतं. म्हणून एकट्यानं जाऊ नये, मोठ्यानं बोलत जावं. ताजं उकरलेलं वारूळ आणि मातीत लांब नखांचे ओरखडे दिसले तर तिथूनच मागं फिरावं. अंगावर आलंच तर पालथं पडून मान-डोकं हातांनी झाकावं.

बिबट्याचं निराळं. त्याला पाठ दाखवून पळू नये, खाली बसू नये. ताठ उभं राहून ओरडत हळूहळू मागं सरावं. २०२० च्या नोव्हेंबरात बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. रब्बीला रात्रीची लाईट आली की शेतकरी बॅटरी घेऊन एकटाच दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला चार पायांचं जनावर वाटू शकतो. बिबट्या धरायला पिंजरे लावा, जरूर लावा. पण शेतीपंपाला दिवसा वीज, ही मागणी मला त्याच्याही आधीची वाटते.