परदेशी शिकायला नेमकं कधी निघालात? कोकणातल्यांनी अनुभव लिहा

गुहागरची मावशी: भाची रत्नागिरीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमएसला जायचं हे पक्कं, कधी यावर घरात रोज वाद. निकाल लागला की लगेच ऑगस्टच्या फॉलला, थांबून जानेवारीच्या स्प्रिंगला, की आधी नोकरी? एजंट त्याच्या सोयीचं सांगणार. तुम्ही काय केलंत आणि पुढे काय झालं, तेवढं लिहा. देश कुठलाही चालेल.

देवगडकर: आमच्याकडे सगळा हिशेब आंब्याचा. अमेरिकेची होकारपत्रं मार्चपर्यंत येतात आणि एप्रिलच्या मध्याला बहुतेक ठिकाणी उत्तर द्यायचं असतं, डिपॉझिटसकट. नेमका तेव्हा बागेत पैसा ओतायचा काळ: फवारणी, खोके, राखणीला आणि काढणीला माणसं. वाशीच्या बाजाराची पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याचा हिशेब आणि पैसे, हातात पडेपर्यंत मे संपतो. त्यात आय-20 साठी (व्हिसाला लागणारा विद्यापीठाचा कागद) वर्षभराचा खर्च दाखवावा लागतो, म्हणजे लोन मंजूर हवं. बाग बँक तारण घेईना, आणि सातबाऱ्यावर आजोबांपासूनची सामाईक नावं. काकांच्या सह्या मिळेपर्यंत फॉल गेला, मी जानेवारीत निघालो.

स्प्रिंगबद्दल कोणी सांगत नाही ते असं. इंटर्नशिपचा सीपीटी, म्हणजे शिकताशिकता कंपनीत काम करायची परवानगी, साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय मिळत नाही. जानेवारीत आलेल्याचं मे महिन्यात एकच सेमिस्टर झालेलं असतं, त्यामुळे पहिला उन्हाळा कॅम्पसवरच्या कामात गेला. फॉलवाले तेव्हा कंपन्यांत. शिवाय काही विषयांचा पहिला भाग फॉललाच शिकवतात, मी दुसऱ्या भागात थेट उडी मारली. पण दुसऱ्या उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली, डिसेंबरात डिग्री झाली आणि त्याच कंपनीने ठेवून घेतलं. भाचीला पैशाची अडचण नसेल तर फॉल. असेल तर ओढाताण करून फॉल गाठण्यात अर्थ नाही, असं माझं मत.

मालवणी पोरगो: यूकेचा कोर्स सप्टेंबरचा. 2023 ला चवथ 19 सप्टेंबरला, मी तेव्हा लीड्समध्ये. आजी म्हणाली, "चवथ करून जा मगे, शाळा खंय पळान जाता?" जानेवारीची बॅच होती, पण माझ्या विषयात नाही. धाकट्याचं नशीब बरं, 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टला आली. विसर्जन करून, उकडीचे मोदक खाऊन गेला.

चिपळूणची लेक: मी जर्मनीच्या विंटर सेमिस्टरला निघाले होते, 1 ऑक्टोबर 2021 पासूनच्या. 22 जुलैला पूर आला. कपाटाच्या खालच्या खणात फाइल होती. पाणी ओसरल्यावर गुणपत्रिका एकमेकींना चिकटलेल्या, मधे बारीक लाल गाळ. आईने वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून पंख्याखाली वाळवल्या, तरी शिक्क्याची शाई पसरली ती पसरलीच. दुय्यम प्रती काढायच्या तर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि मुंबईच्या फेऱ्या. त्यात घर धुवायचं होतं ते वेगळंच.

तिकडे जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत नाहीत, नव्याने अर्ज करा म्हणाले. एप्रिलच्या समर सेमिस्टरला माझा कोर्स सुरूच होत नव्हता. मग लोट्याच्या एका केमिकल कंपनीत लागले आणि संध्याकाळी ऑनलाइन जर्मन बी1 पातळीपर्यंत केलं. 2022 ला गेले तेव्हा वर्किंग स्टुडंटची नोकरी लवकर मिळाली, मुख्यतः भाषेमुळे. आता जाणाऱ्यांनी वेळ आणखी हातात ठेवा: नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाचे कागद तपासून देतात ते) लागतं, आणि सप्टेंबर 2024 पासून ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याला, वर्षाचे 11,904 युरो. मूळ कागद माळ्यावर ठेवा, हे चिपळूणकरांना सांगायला नको.

वेंगुर्ल्याचा बाबा: मुलगी बारावीनंतर ऑस्ट्रेलियाला. तिथे फेब्रुवारी आणि जुलै अशा दोन मुख्य वेळा. निकाल मे महिन्यात, जुलै म्हणजे निव्वळ धावपळ. फेब्रुवारी घेतली. मधल्या काळात तिने गाडी आणि स्वयंपाक शिकून घेतला. तिची आई अजून म्हणते पदवी इथेच करायला हवी होती. मला तसं वाटत नाही.

दापोली अ‍ॅग्री: बीएस्सीनंतर नोकरी करून गेलो. काजूवरच्या ढेकण्या किडीवर केलेलं काम तिकडच्या प्राध्यापकांना आवडलं, त्यावरच असिस्टंटशिप (विद्यापीठातलं पगारी काम) मिळाली. शिकून थेट गेलो असतो तर लिहायला काय होतं? एक लक्षात ठेवा, जीआरई या प्रवेश परीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे दोनच. मला ती पुन्हा द्यावी लागली, भर पावसात मुंबईला जाऊन, कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाने.

गुहागरची मावशी: सगळ्यांचे आभार. देवगडकर, सामाईक सातबाऱ्याचं शेवटी काय केलंत? आमचं घोडं तिथेच अडलंय.

देवगडकर: सातबारा सोडून दिला. काकांच्या सह्या झाल्या तरी शेतजमीन ती शेतजमीन. आत्याचा डोंबिवलीतला फ्लॅट तारण दिला, आत्या जामीन. सोसायटीची एनओसी आणि मालकी तपासल्याचा वकिलाचा सर्च रिपोर्ट लागला, त्यातही महिना गेला. तुमच्याकडे मुंबईत कोणाचा फ्लॅट असेल तर आत्ताच विचारून ठेवा, होकारपत्र येईपर्यंत थांबू नका.