दर महिन्याला एक २०० किमी : बधिर होणारी बोटं आणि उन्हाळा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं काय अडतंय ते कळेल.

मी पुण्यात सिंहगड रोडला राहते. वय ४४, बँकेत नोकरी, मुलं शाळेत. गेल्या दिवाळीत ठरवलं की वर्षभर दर महिन्याला निदान एकदा, एका दमात २०० किलोमीटर पूर्ण करायचे. वेळेचं बंधन बीआरएमचंच (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, शर्यत नव्हे) घेतलंय : साडेतेरा तास, आणि त्यात चहा, जेवण, पंक्चर सगळं आलं. सोबत मदतीची गाडी नाही, सामान आपलं आपण वाहायचं. त्या महिन्यात जवळपास बीआरएम असेल तर तिथे नाव नोंदवते, नसेल तर एकटी किंवा मैत्रिणीबरोबर जाते.

आतापर्यंत एकही महिना चुकलेला नाही. आणि हे वर्ष मला पूर्ण करायचंच आहे. घर, ऑफिस, मुलांचे अभ्यास या सगळ्यात महिन्यातला हा एक दिवस पूर्ण माझा असतो. दीडशे किलोमीटरच्या पुढे कधीतरी डोक्यातले हिशोब थांबतात आणि फक्त पॅडल फिरत राहतं. हे सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

रस्ते ठरलेले आहेत. एक म्हणजे पहाटे दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती आणि त्याच वाटेने परत. दुसरा सातारा रोड : जाताना खंबाटकीचा चढ, साताऱ्याच्या अलीकडून वळायचं, येताना बोगदा. सायकल सरळ हँडलची हायब्रिड आहे, टायर ३२ मिमी रुंदीचे, हवा ७५-८० पीएसआय भरते. माझं वजन ५८ किलो.

पहिला प्रश्न हातांचा. साधारण शंभराच्या पुढे दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि शेजारची बोटं बधिर व्हायला लागतात, उजवा हात जास्त. परतीच्या शेवटच्या टप्प्यात करंगळी हँडलवर आहे की नाही हे बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी काउंटरवर नोटा मोजताना कडेची दोन बोटं झिणझिणत असतात. आधी हे दोन दिवसांत जायचं, गेल्या खेपेला जवळजवळ आठवडाभर राहिलं. पाय, गुडघे, कंबर यांची काही तक्रार नाही. जाड जेलचे ग्लोव्ह्ज घेतले, फरक पडला नाही.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. मार्चमध्येच बारामतीहून परतताना दुपारी जीव नकोसा झाला. समोरून गरम वारा, बाटलीतलं पाणी चहासारखं, आणि मोरगाव ते जेजुरी सावली म्हणून नाही. मे महिन्यात दिवसा हे शक्य नाही हे मला मान्य आहे. पहाटे तीनला निघाले तरी माझ्या वेगाने दुपारचे तीन वाजणारच. म्हणजे रात्रीची राईड हाच मार्ग उरतो. बाई म्हणून रात्री कोणता रस्ता घ्यावा, किती वाजता निघावं, हे अनुभवातून कुणी सांगेल का?

आणि एक. १०० च्या दोन राईड करून महिना 'भरला' म्हणावं का, असं घरच्यांनी सुचवलंय. मला ते पटत नाही, पण तुमचं मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद १ (कोल्हापूर)

ताई, करंगळी आणि अनामिका बधिर होतात म्हणजे अल्नर नर्व्हवर दाब येतोय. ही नस मनगटापाशी तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाते, आणि सरळ हँडलवर नेमकी तीच जागा तासन् तास दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर झालं असतं तर गोष्ट वेगळी होती, ती दुसरी नस.

मुळात हातांवर एवढं वजन का येतंय ते शोधा. सायकल सपाट जमिनीवर उभी करून सॅडलवर, म्हणजे सीटवर, मोबाईलमधलं लेव्हल (उतार मोजायचं ॲप) ठेवा. सॅडलचं नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही दिवसभर पुढे घसरत असणार आणि दर वेळी हातांनी स्वतःला मागे ढकलत असणार. नाक सपाट करा. मग हँडल फार लांब किंवा खाली आहे का ते बघा. कोपरं ताठ राहत असतील तर हँडल लांब पडतंय असं समजा. स्टेमखालच्या (स्टेम म्हणजे हँडल सायकलला जोडणारा आखूड दांडा) रिंगा वरखाली करून किंवा आखूड स्टेम लावून हे सुधारतं.

दुसरं, सरळ हँडलला हात ठेवायला एकच जागा असते. बार-एंड्स बसवा, म्हणजे हँडलच्या टोकांना लावायची ती शिंगं. त्यावर मनगट फिरतं आणि दाब दुसरीकडे जातो. तळव्याखाली रुंद असणाऱ्या ग्रिप्स मिळतात, त्याही चांगल्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी जागा बदलायचीच, दुखायची वाट बघायची नाही. जाड जेलचं म्हणाल तर जेलची गादी कधी कधी नेमकी नसेवरच येते आणि दाब वाढवते. पातळ ग्लोव्ह्ज वापरून बघा.

तिसरं, हवा. तुमच्या वजनाला ३२ च्या टायरमध्ये ८० म्हणजे दगड. पुढे ५५, मागे ६० च्या आसपास ठेवा. खराब डांबरावरचा सगळा थरथराट सध्या हातात येतोय. वेग कमी होईल ही भीती काढून टाका, आपल्या रस्त्यांवर उलट वाढेल.

आणि एका वेळी एकच बदल. सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

प्रतिसाद २ (नाशिक, फिजिओथेरपिस्ट)

वरचं सगळं बरोबर. मला काळजी वाटते ती 'आठवडाभर राहिलं' या वाक्याची. आजच घरी बघा : करंगळी बाकीच्या बोटांपासून लांब नेता येते का? अनामिका आणि करंगळीच्या बेचक्यात कागद धरा आणि दुसऱ्या कुणाला ओढायला सांगा. कागद अलगद सुटत असेल, किल्ली फिरवताना किंवा बरणीचं झाकण उघडताना ताकद कमी वाटत असेल, तर पुढची लांब राईड करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. नुसतं झिणझिणणं बहुतेक वेळा दाब काढला की जातं. ताकद गेली तर ती परत यायला महिने लागू शकतात. मनगट मागे मोडून हँडल धरायची सवय असेल तर तीही सोडा, मनगट सरळ हवं.

प्रतिसाद ३ (पुणे)

मीही बाई आहे आणि उन्हाळ्यात रात्रीच चालवते, म्हणून लिहिते.

रात्रीसाठी बारामतीचा रस्ता घेऊ नका. रस्ता सुंदर आहे, पण रात्री मोठा भाग सुनसान असतो आणि काही लागलं तर उघडं दुकान मिळत नाही. दिवेघाटही अंधारात ट्रकबरोबर चढायची जागा नाही. त्यापेक्षा सोलापूर हायवे घ्या : हडपसर, यवत, पाटस, भिगवणच्या दिशेने. भिगवण शंभराच्या आसपास पडतं, त्यामुळे वळायची जागा आपोआप ठरते. रस्ता जवळजवळ सपाट, चौपदरी, कडेला शोल्डर. रात्रभर चालणारे धाबे आणि पेट्रोल पंप आहेत. बाईला पंप किती महत्त्वाचा ते वेगळं सांगायला नको. हायवेची गाड्यांची घरघर आवडणार नाही, पण उजेड आणि माणसं जवळ असणं जास्त मोलाचं.

निघायचं संध्याकाळी सहाच्या सुमारास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोरात सुटतो, तो जाताना पाठीवर मिळतो. रात्री उशिरा तो पडतो, म्हणजे परतीला तोंडावर येत नाही. मार्चमध्ये तुम्ही नेमकं उलटं केलंत, वारा चढत असताना पश्चिमेकडे आलात. दोष तुमचा नाही, दिवसाच्या राईडला ते तसंच होतं. रात्रीच्या राईडमध्ये सकाळी सात-साडेसातला घरी.

तयारी : पुढे दोन दिवे, एक गेला तर दुसरा. मागेही दोन. पॉवर बँक. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट संपूर्ण वेळ अंगावर. बीआरएममध्ये रात्री ते सक्तीचं असतं, ते उगाच नाही. एकटी जाऊ नका, निदान दोघी हव्यात. घरी लाइव्ह लोकेशन. आणि दोन ते चारच्या मध्ये झोप अंगावर येते, तिच्याशी भांडू नका. धाब्यावर बाजेवर पंधरा-वीस मिनिटं गजर लावून आडवं व्हा. साडेतेरा तासांत तेवढं सहज बसतं. डोळे मिटत असताना हायवेवर सायकल चालवणं हा या सगळ्यातला एकमेव खरा धोका आहे असं मी म्हणेन.

प्रतिसाद ४ (न्यू जर्सी)

तुमचा धागा वाचून फार आनंद झाला, कारण तुम्ही ठरवलंय तेच इथे अधिकृतपणे चालतं. अमेरिकेतल्या रँडोनिअर्सच्या, म्हणजे बीआरएमसारख्या राईड करणाऱ्यांच्या, संघटनेचा आर-१२ नावाचा सन्मान आहे : सलग बारा महिने, दर महिन्याला निदान २०० किमीची एक राईड. सुरुवात कोणत्याही महिन्यात करता येते, पण एक महिना चुकला की मोजणी पहिल्यापासून. तुमचा मे तो आमचा जानेवारी. रस्त्याकडेला बर्फ, बाटलीतलं पाणी गोठलेलं. तरी लोक हवामानाकडे डोळे लावून बसतात आणि महिन्यातला एक बरा दिवस पकडतात.

म्हणून १०० अधिक १०० नको, हे माझं स्पष्ट मत. शंभर किलोमीटर चांगलीच राईड आहे, पण दोनशेत जे शेवटचे पन्नास असतात ते दोन शंभरांत कुठेच येत नाहीत. मात्र महिन्याच्या शेवटच्या रविवारवर विसंबू नका. पहिल्या पंधरवड्यात उरकून टाका. पोर आजारी पडतं, ऑडिट लागतं, पाऊस येतो.

प्रतिसाद ५ (नागपूर)

रात्री चाललात तरी पाण्याचं गणित दिवसासारखंच ठेवा. उकाड्यात रात्री घाम येतो पण कळत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि नुसतं पाणी नको. घामातून मीठ जातं आणि वर फक्त पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं : मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं. औषधाच्या दुकानातलं डब्ल्यूएचओ सूत्राचं ओआरएस घ्या. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट टाकू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज करा. केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. धाब्यावर पनीरची तर्रीदार भाजी आणि बटर नान मागवू नका. दहीभात, साधी खिचडी, नाहीतर चहा-पाव.

कुणाचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तोल जायला लागला, उकाड्यात काटा यायला लागला, तर राईड तिथेच संपली. सावली, ओला कपडा, वारा आणि सरळ दवाखाना. ही गोष्ट सोबतिणीलाही आधीच सांगून ठेवा, कारण ज्याला होतं त्याला ते कळत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

कागदाची चाचणी नवऱ्याकडून करून घेतली, दोन्ही हातांत कागद पक्का टिकला. तरीही ऑर्थोपेडिक डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सॅडलचं नाक खरंच खाली होतं, नजरेला दिसत नव्हतं पण लेव्हलवर लगेच कळलं. आधी फक्त ते सपाट केलं आणि जेजुरीपर्यंत जाऊन आले. पुढे घसरणं थांबलं, खांदेही हलके वाटले. पुढच्या रविवारी हवा ५५ आणि ६० वर आणून तोच रस्ता केला. सासवडच्या पुढच्या खडबडीत पट्ट्यात फरक जाणवला, बोटं परतीपर्यंत जागी होती. अर्थात हे शंभराच्या आतलं झालं. बार-एंड्स घरी आले आहेत, या आठवड्यात बसतील.

मे महिन्याचं ठरलं : सोलापूर हायवे, पहिल्या पंधरवड्यातली शनिवारची रात्र. मैत्रीण तयार आहे. नवरा म्हणाला, लोकेशन चालू ठेव, कितीही वाजता फोन कर, मी जागा असेन. पण तू स्वतः बोलावल्याशिवाय गाडी काढणार नाही. हे मला फार आवडलं. सासूबाईंचा रात्रीला विरोध होता, दोघी आहोत आणि धाबे उघडे असतात म्हटल्यावर त्या दशम्या करून द्यायला तयार झाल्या. १०० अधिक १०० चा विषय घरातही मिटला.

आता दोन गोष्टी राहिल्या. पाटस ते भिगवण या पट्ट्यात रात्री एकनंतर बायकांसाठी बरं स्वच्छतागृह असलेला पंप किंवा धाबा नक्की कुठे आहे? आणि जून-जुलैसाठी : माझ्या सायकलला रिम ब्रेक आहेत (चाकाच्या कडेला पॅड दाबणारे), पावसात ओल्या रिमवर ते उशिरा लागतात. पावसाळ्यासाठी वेगळे ब्रेक पॅड कुणी वापरलेत का, की तेव्हा घाटाचे रस्ते सोडून सपाटीवरच राहावं?