तीन दिवसांची सहा पिल्लं, एक अगदीच बारकं. काळजी करू का?

कुंपणावरचा

आमची कुत्री सोमवारी रात्री व्यायली. पहिलंच वेत, सहा पिल्लं. साडेअकराला पहिलं आलं, पहाटे चारला शेवटचं. प्रश्न त्या शेवटच्या काळ्याचा आहे. बाकीची तळहाताबाहेर जातात, हे मुठीत मावतं. भावंडं त्याला तुडवून पुढे जातात. दिवसभर कुईकुई करतं, आईच्या पोटाला धडका देतं, तोंडातला सड सुटला की परत बोंबलतं. झोपेत अंगाला बारीक झटके येतात, ते तर बघवत नाही. तीन रात्री त्याच्यापायी जागतोय.

बाकी पाच मजेत. त्यातलं पांढरं तर फारच गुणी, सगळ्यात मोठं, कोपऱ्यात एकटंच झोपून असतं, आवाज म्हणून नाही.

काळ्याला वरचं दूध सुरू करू का? आणि मुळात पिल्लू धड आहे की नाही, हे ओळखायचं कसं? डोळे बंद, कान बंद, उभं राहता येत नाही. मला आजारी पिल्लू आणि निरोगी पिल्लू एकसारखीच दिसताहेत.

मोकळाढाकळा

काही करू नका हो. आईला सगळं कळतं, माणसाने मध्ये लुडबूड केली की बिघडतं. फारच वाटलं तर गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजा. आम्ही पाजलं होतं, आमचं पिल्लू मस्त जगलं.

सात_वेतं

काळ्याला जरा बाजूला ठेवा. मला पांढऱ्याबद्दल सांगा.

तीन दिवसांचं पिल्लू गुणी नसतं. त्याला दोनच कामं, पिणं आणि झोपणं, आणि दोन्ही ते भावंडांच्या ढिगात करतं. पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडताही येत नाही, अंगातली ऊब स्वतःची स्वतः राखता येत नाही. म्हणून एकमेकांवर चढून झोपतात. सगळी एकमेकांपासून लांब, पाय फाकून पडली असतील तर समजा उकडतंय. पाच एकत्र आणि एकच लांब कोपऱ्यात असेल, तर ते एकांतप्रिय वगैरे काही नाही, त्याला ढिगापर्यंत सरकायची ताकद उरलेली नाही. माझ्या दुसऱ्या वेतात असंच एक 'शांत' पिल्लू होतं. मी कौतुकाने त्याला साधू म्हणायचे. चौथ्या दिवशी सकाळी गेलेलं होतं. तेव्हापासून शांत पिल्लाचं कौतुक करायचं सोडलं.

आता लगेच करायचं ते सांगते. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या, त्यावर वाटी नाहीतर लहान डबा ठेवून शून्य करा आणि सहाही जण तोला. जन्माचं वजन लिहून ठेवलंय का? दिवसागणिक जन्माच्या वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भर पडायला हवी, आठ-दहा दिवसांत दुप्पट, फार तर पंधरवड्यात. पहिल्या दिवशी जरा घटलं तर चालतं. त्यानंतर घट दिसली की थांबायचं नाही. भावंडांशी तुलना करत बसू नका, प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी.

काळ्याचे झटके: गाढ झोपेत सगळीच निरोगी पिल्लं अशी उडतात, पाय झाडतात, ओठ हलवतात. अजिबात न उडणारं पिल्लू मला जास्त घाबरवतं. धडका देऊन सड शोधतंय, सुटल्यावर भांडतंय, म्हणजे भूक आहे आणि जोरही आहे. बोट तोंडात घालून बघा, जिभेची पन्हाळी करून ओढलं पाहिजे. पाठीवर ठेवलं तर वळवळत पोटावर आलं पाहिजे. हेच पांढऱ्यावरही करून बघा.

आणि गाईचं दूध नको. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, दुधातली साखर मात्र कमी. गाईच्या दुधाने पोट भरतं, अंग भरत नाही आणि हगवण लागते ती वेगळीच. तीन दिवसांच्या जिवाला एक हगवणही भारी पडते.

कुंपणावरचा

जन्माची वजनं मंगळवारी सकाळी कॅलेंडरवर लिहिली होती, नशीब. आत्ता तोललं. काळं २१० चं २३८ झालंय. मधली चार सगळी वाढलीत, चाळीस-पन्नास ग्रॅमच्या आसपास. पांढरं ३४० होतं, आत्ता ३१६.

तीनदा तोललं. मला वाटलं काटा बिघडला.

बोट तोंडात घातलं तर आत गार लागलं. ओढतच नाहीये. दूध पावडर आणली आहे, पाजायला घेतो.

सात_वेतं

थांबा, पाजू नका! गार पिल्लाच्या पोटात दूध जाऊ द्यायचं नाही. अंग ३५ अंशांच्या खाली गेलं की आतडी काम थांबवतात, दूध तसंच पडून राहतं, पोट फुगतं, नाहीतर उलटून छातीत जातं. आधी ऊब, मग दूध.

थर्मामीटर लावा. माणसांचा डिजिटल चालतो, टोकाला थोडं तेल लावून शेपटीखाली अलगद, टोक जेमतेम आत. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ च्या दरम्यान हवं. आपल्यासारखं ३७ च्या वर नसतं, तेवढं कमी बघून दचकू नका.

मग कपड्याच्या आत, तुमच्या पोटाला लावून धरा. गरम पाण्याची पिशवी घेतलीत तर टॉवेलात नीट गुंडाळून, आणि पिल्लू अधूनमधून फिरवत राहा, त्याला स्वतःला चटक्यापासून दूर सरकता येत नाही. तास-दीड तास लागू दे, जास्त लागला तरी लागू दे. झटकन तापवलेलं पिल्लू दगावतं. आणि हे चाललेलं असतानाच डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट बघू नका.

दवाखान्यातली

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, डॉक्टर नाही. वरच्या बाईंचं बरोबर आहे. निघण्याआधी चार गोष्टी बघून ठेवा, डॉक्टर त्याच विचारतात.

हिरड्यांचा रंग: गुलाबी हवा. पांढुरका, निळसर किंवा भडक लाल असेल तर फोनवरच सांगा. नाळ जिथे होती ती जागा सुजली आहे का, लाल आहे का, ओलसर आहे का. तोंडात वरच्या बाजूला, टाळूवर बोट फिरवून भेग लागते का आणि पिताना नाकातून दूध येतं का. चौथं म्हणजे लघवी. ओल्या कापसाने खालून हलकं पुसलं की ही एवढीशी पिल्लं लघवी करतात, एरवी आई चाटून करवते. पाण्यासारखी फिकी असेल तर बरं. गर्द पिवळी असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय. मोठ्या कुत्र्याची कातडी चिमटीत धरून बघतात तसं इथे करू नका, एवढ्या लहानग्यात त्यावरून काही कळत नाही.

जन्मल्या जन्मल्या तर आम्ही चक्क गुण देतो. माणसाच्या बाळांसाठी व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५२ साली जी पद्धत काढली, तिचंच पिल्लांसाठी केलेलं रूप: ठोके, श्वास, हालचाल, चिमटा काढल्यावर येणारी प्रतिक्रिया आणि हिरड्यांचा रंग, प्रत्येकी दोन गुण. मिनिटाला २२० च्या वर ठोके पडले तर त्याचे पूर्ण दोन. लोकांना तो आकडा ऐकून धडकी भरते, पण पिल्लाचं हृदय धावतंच तसं. सावकाश पडणारे ठोके वाईट.

जाताना आईलाही न्या. तिचे सड दाबून बघतील. एखादा कडक, गरम असेल, दुधाचा रंग बिघडला असेल, तर पिल्लू त्या सडावर उपाशी राहतं आणि आपण पिल्लातच दोष शोधत बसतो.

मोकळाढाकळा

माझं पिल्लू गाईच्या दुधावर जगलं होतं एवढंच म्हणालो. बाकी तुमचं चालू द्या.

सात_वेतं

जगलं ना, आनंदच आहे. त्याच्या भावंडांचं काय झालं?

मोकळाढाकळा

दोन गेली. तेव्हा वाटलं, अशक्त होती.

कुंपणावरचा

उशीर झाला लिहायला, माफ करा. त्या दिवशी थर्मामीटरने ३३.८ दाखवलं. शर्टाच्या आत छातीशी धरून बसलो, बायकोने वरून शाल पांघरली. पहिला पाऊण तास काही म्हणजे काही नाही, नुसती ओली पुरचुंडी धरल्यासारखं. मग मला छातीवर ओरखडा जाणवला. एवढुशी नखं, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू. ३५.६ झाल्यावर तसंच शर्टात घेऊन दवाखान्यात गेलो.

नाळेची जागा सुजलेली होती. मी तोवर तीन दिवसांत दहा हजार वेळा पिल्लं उचलली असतील, पण कधी उताणं करून पोट बघितलं नव्हतं. आत संसर्ग झालाय म्हणाले. औषध सुरू केलं, नळीने पहिलं दूध त्यांनीच घातलं आणि मला शिकवलं. नळी मापून खूण करून दिली आहे, दर वेळी हात थरथरतो. पोटावर ठेवूनच पाजायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं अजिबात नाही, हे दोनदा बजावलं. आईचे सड ठीक आहेत.

घरी आलो तेव्हा आईने त्याला हुंगलं आणि लगेच चाटायला घेतलं. आदल्या दिवशी नाकाने बाजूला ढकलत होती. मला तेव्हा वाटलं होतं, अंथरूण नीट करतेय. डॉक्टर म्हणाले, गार पडलेल्या पिल्लाला आया बऱ्याचदा जवळ घेत नाहीत.

कोपऱ्यात कागदाखाली फरशी ओली होती, तेही सापडलं. आता जाड कापड घातलंय आणि खोक्याच्या एकाच बाजूला ऊब ठेवली आहे, नको असेल त्याने सरकावं.

वजनं: गुरुवारी ३१६, शुक्रवारी ३१४, शनिवारी ३१७, आज ३२९. काळं २८६, आणि अजूनही बोंबलतंच आहे.

सात_वेतं

३१४ ला मी इथे श्वास धरून बसले असते, बरं झालं तेव्हा लिहिलं नाहीत. औषध पुरतं संपवा. उद्या कधी तोलणार?

कुंपणावरचा

सकाळी सात. पांढरं आत्ता ढिगाच्या मध्यभागी आहे, काळं त्याच्या डोक्यावर.